कर्नाळ्याला नेलेलं वऱ्हाड

मुलांनो, तुमच्या मित्राच्या लग्नाचे फोटो पाहिले. लग्न एका संध्याकाळचं, आणि नंतर पाहुण्यांना तिथंच ठेवून घेऊन रोज एक सहल. कधी धबधबा, कधी द्राक्षांचे मळे, एक दिवस नुसतं बोटीत बसणं. तुम्ही विचारलंत, आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का? होतं. तुमच्या आईच्या लग्नात आम्ही हेच केलं होतं, आणि त्या सहली मी अजून विसरलेले नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. आम्ही नुकतेच वाशीला राहायला आलो होतो. खाडीवर पूल झालेला होता, पण रेल्वे यायची होती. नव्या इमारती रांगेत उभ्या, त्यांतली निम्मी घरं बंद, आणि संध्याकाळी खिडकी उघडी राहिली की डासांचा ढग आत. तुमच्या बाबांकडचं वऱ्हाड नागपूरहून आलं. पत्रिकेवर मी ‘नवी मुंबई’ असं स्वच्छ छापून घेतलं होतं, पण त्यांनी त्यातलं ‘मुंबई’ तेवढं वाचलं होतं. तुमच्या बाबांचे चुलत आजोबा बसमधून उतरले आणि समुद्र कुठे आहे म्हणून विचारू लागले. त्यांना हौसेनं खाडीवर नेलं तर नेमकी ओहोटी. ते बराच वेळ चिखलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बाप्पा, यापेक्षा आमचा तलाव बरा.”

तरी लग्न नीट पार पडलं. वऱ्हाडाची परतीची रिझर्व्हेशनं मात्र चार दिवसांनंतरची होती. एवढं लांब आलोच आहोत तर मुंबई बघून जाऊ, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. शेजाऱ्यांच्या रिकाम्या घरांच्या किल्ल्या मागून आणून आम्ही पाहुण्यांची सोय केली होती. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, आणि वेळापत्रक केल्याशिवाय मला कुठलंही काम सुचत नसे. सहलींचं वेळापत्रक करून मी ते जिन्यात चिकटवलं: पहिल्या दिवशी मुंबई, दुसऱ्या दिवशी उरणचा समुद्रकिनारा, तिसऱ्या दिवशी कर्नाळ्याचं अभयारण्य. नागपूरची मंडळी येता-जाता ते वाचून हसत. एका आत्याबाईंनी मला विचारलं, यात शिंकायची वेळ कुठे लिहिली आहे?

पण माझा जीव सहलींत नव्हता. तुमची आई बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. लग्न एवढ्या घाईनं झालं, कारण नागपूरला घरीच असलेल्या, तुमच्या बाबांच्या आजोबांना नातसून बघायची होती आणि त्यांची तब्येत काही खरी नव्हती. बोलणी करताना आम्ही परीक्षेचा विषय काढला होता. त्यावर तुमचे नागपूरचे आजोबा, म्हणजे माझे व्याही, म्हणाले, “ते नंतर पाहू.” माणूस सज्जन, आवाजही मऊ. पण सज्जन माणसाचं ‘नंतर पाहू’ पुढे वर्षानुवर्षं तसंच राहिलेलं मी माझ्या दोन मैत्रिणींच्या घरी पाहिलं होतं. त्या दोघीही हुशार होत्या, आणि दोघींचंही शेवटचं वर्ष राहून गेलं ते गेलंच.

आता हे चार दिवस संपले की वऱ्हाडाबरोबर तीही जाणार होती. विचारायचं ते त्याआधी. लेटरबॉक्समध्ये कॉलेजचं परीक्षेचं पत्र येऊन पडलं होतं. ते मी पर्समध्ये घेऊन फिरत होते. तुमचे आजोबा म्हणत, घाई नको, चांगला मूड बघून विचारू. मुंबईच्या सहलीत मी दिवसभर व्याह्यांचा मूडच बघत होते. राणीच्या बागेत ते खुशीत होते, पण भोवती माणसं होती. गेटवेला त्यांची चप्पल तुटली. हँगिंग गार्डनला ते झाडाखाली झोपले. परतताना पुलावर गाडी आली तशी मी तुमच्या आजोबांना कोपरानं ढोसलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली, म्हणजे आज नाही.

त्या संध्याकाळी पाहुण्यांनी ठरवलं की सलग दुसरा दिवस उन्हात नको, उद्या जंगलात जाऊ, उरण परवा. मी वेळापत्रकात बाण काढून अदलाबदल करणार होते, तेवढ्यात कुणाच्या तरी घरचं पाणी गेलं आणि मी बादल्यांच्या मागे धावले. बसवाल्याला तुमच्या आजोबांनी सांगितलं. आचाऱ्याला कुणी सांगायचं हे दोघांच्याही मनात दुसऱ्यावर राहिलं.

आचारी जेवण घेऊन वेगळ्या टेम्पोनं पुढे जायचा, म्हणजे आम्ही पोचेपर्यंत पानं मांडून तयार. आमची बस बेलापूर, कळंबोली, पनवेल करत निघाली. कळंबोलीला लोखंडानं भरलेल्या ट्रकांच्या मागे बराच वेळ अडकलो. बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या चालल्या होत्या. तुमची आई हिरव्या चुड्याचा हात खिडकीच्या गजावर ठेवून मुकाट बसली होती. एकदाच तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आज मी विचारणार, असं मी तिला सकाळी सांगितलं होतं. जेवणं झाली की पुरुष मंडळी सावलीत लवंडतील, तेव्हा.

कर्नाळ्याला उतरलो तर टेम्पो नाही. येईल, मागे राहिला असेल, असं म्हणत आम्ही मंडळींना झाडीत फिरवून आणलं. किल्ल्याचा सुळका दाखवला. पक्षी फारसे दिसले नाहीत, माकडं मात्र पुष्कळ. परत खाली आलो तरी रस्ता रिकामाच. मुलं रडायला लागली होती. चहाच्या टपरीवर चहा आणि बिस्किटांचे थोडे पुडे, एवढंच होतं, तेही आम्ही संपवलं. तुमचे आजोबा हमरस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि येणारा प्रत्येक टेम्पो हात करून थांबवू लागले.

तेवढ्यात मला जिन्यातला कागद डोळ्यांसमोर दिसला. त्यावर बाण काढायचा राहूनच गेला होता. आमचं जेवण उरणला गेलं होतं.

आज तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. कुणीतरी फोन केला असता. पण मुलीकडच्यांनी वऱ्हाडाला रानात नेऊन उपाशी ठेवलं, ही गोष्ट नागपूरला पोचली असती आणि माझ्या मुलीनं ती आयुष्यभर ऐकली असती. चुलत आजोबा एव्हाना म्हणू लागलेच होते की पाहुण्यांना पक्षी दाखवायला आणलं की पक्ष्यांना पाहुणे दाखवायला? सगळे हसले. तुमचे नागपूरचे आजोबा मात्र हसले नाहीत. ते एका दगडावर बसून रुमालानं मान पुसत होते. या माणसाला आज काही विचारायचं म्हणजे स्वतःच्या हातानं नकार मागून घ्यायचा.

तुमच्या नागपूरच्या आजीला, म्हणजे माझ्या विहीणबाईंना, एक सवय होती. परगावी गेल्या की घरून आणलेला फराळ त्या नजरेआड करत नसत. मुक्कामाच्या घरी उंदीर असतात, असं त्यांचं म्हणणं. ती वेताची मोठी करंडी बसच्या मागच्या बाकाखाली होती. त्यांनी ती मागवली, पदर खोचला आणि सतरंजीवर बसून वाटायला सुरुवात केली. तिखटमिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, चिवडा, बेसनाचे लाडू. परतीच्या प्रवासाची सगळी बेगमी त्या तासाभरात संपली. मी वाढायला मदत करत होते. मान वर करायचीही मला लाज वाटत होती.

सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी कागदावर दोन पुऱ्या घेतल्या, चटणी घातली आणि कागद माझ्यापुढे धरला.

आता इथे तुम्हाला एक रीत सांगायला हवी. मुलीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या सासरचं अन्न खायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत होती. माझ्या आईनं ती पाळली होती. माझ्याकडे आली की ती पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं पीत असे. मी इंग्रजी शिकलेली, शिकवणारी. पण आपण एवढंही पाळलं नाही आणि पुढे मुलीचं काही वाईट झालं तर, या विचारापुढे माझं शिक्षण चालत नसे. पुऱ्या नागपूरच्या घरात तळलेल्या होत्या. मी म्हटलं, माझा आज उपवास आहे.

“बुधवारचा?” विहीणबाई म्हणाल्या. “बुधवारचा कोणता उपवास असते तुमच्याकडे?”

त्यांनी कागद खाली ठेवला नाही.

“आमच्या घरचं चालत नाही, असं सांगा न सरळ. माझी आईही नाही खात होती.” मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “परवापासून पाहून राहिली मी. तुम्ही सारख्या यांच्या तोंडाकडे पाहता अन् पर्स घट्ट धरून बसता. काय आहे त्याच्यात?”

मी पत्र काढून दिलं. त्यांनी ते उघडलं नाही, तारीख कधीची आहे एवढं विचारलं. मी सांगितलं, आणि मग आतापर्यंत घोकून ठेवलेलं सगळं विसरून एवढंच बोलले, “तिला परीक्षेला बसू द्या. नंतर आयुष्यभर ती तुमचीच आहे.”

त्यांनी पत्र तसंच माझ्या हातात परत ठेवलं. बसभोवती मुलं माकडांना बिस्किटाचे कागद दाखवत ओरडत होती. मला वाटलं, संपलं.

“यांना विचाराल तर हे बुढ्या आजोबांकडे बोट दाखवतील,” त्या म्हणाल्या. “आजोबा म्हणतील, नवी सून घरात पाय ठेवते अन् लगेच कॉलेजात जाते काय? चारचौघांत एकदा नाही म्हटलं की मग मला बोलता येत नाही. तुम्ही कोणालाच विचारू नका. पूजा होऊन जाऊ द्या. मग मांडवपरतणीला पाठवते तिला.”

लग्नानंतर नवी मुलगी पहिल्यांदा माहेरी राहायला येते, ती मांडवपरतणी. चार-पाच दिवसांची असते. मी तसं म्हटलं.

“ते सुनेला परत बोलावणारीनं ठरवायचं,” त्या म्हणाल्या. “मी बोलावायला विसरून गेली तर कोण काय म्हणते?”

त्यांनी पुऱ्यांचा कागद पुन्हा पुढे केला. “पण आमच्याकडून एवढं मोठं घेता अन् पुरी घेत नाही, हे मला नाही जमत, विहीणबाई.”

मी पुरी खाल्ली. पहिला घास तोंडात फिरत राहिला. तुमची आई बसच्या पायरीवरून बघत होती. तिला ती रीत ठाऊक होती. तिचा चेहरा एकदम घाबरल्यासारखा झाला. मी का खाते आहे, हे मला तिला तिथून सांगता येईना.

संध्याकाळी घरी पोचलो तर इमारतीखाली टेम्पो उभा. टेम्पोवाला खाडीकाठच्या गावातला होता, आणि तो आमच्यापेक्षा जास्त रागावलेला होता. “तुमचे कागदावर उरन लिवलाय, बाय,” तो म्हणाला. “आमी सगला दिवस दर्यावर बसून तुमची वाट बघतोय.” भाजी आंबली होती, श्रीखंड मात्र वऱ्हाडानं त्या संध्याकाळी चाटूनपुसून संपवलं.

उरणला दुसऱ्या दिवशी गेलो. सगळे पाण्यात खेळले. मी सकाळीच आचाऱ्याला तीनदा विचारून घेतलं होतं. त्या दिवशी विहीणबाई माझ्याशी त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मी व्याह्यांच्या तोंडाकडे न बघण्याचा अभ्यास करत होते. स्टेशनवर गाडी हलताना तुमच्या आईनं खिडकीतून माझा हात धरला. मी तिच्या कानात सांगितलं, पुस्तकं मी इथेच ठेवते. तिच्या तोंडून निसटू नये म्हणून बेत मी तिलाही सांगितला नव्हता, त्यामुळे तिला ते ‘आता शिक्षण सोड’ असं ऐकू गेलं असावं. ती रडायला लागली. विहीणबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सामान मोजत राहिल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. पूजा झाल्याचं पत्र आलं. आजोबांची तब्येत बिघडल्याचं आलं. मग काही दिवस काहीच नाही. आमच्याकडे फोन नव्हता; कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे निरोप येईल म्हणून मी रोज काहीतरी विकत घ्यायला जात असे. घरात साबणाच्या वड्यांचा ढीग झाला. तुमचे आजोबा म्हणाले, एक पत्र टाकून आठवण करून दे. मी टाकलं नाही. पत्र घरात सगळ्यांसमोर वाचलं जातं आणि विहीणबाईंनी विसरायचं कबूल केलं होतं, आठवायचं नव्हे. मधल्या रात्रींत मला त्या पुरीचीही भीती वाटे. वाटे, तेच भोवतंय.

तुमची आई आली तेव्हा सकाळी दूध केंद्रावर लोक अजून रांगेत उभे होते. दिरानं पोचवलं आणि तो दुपारच्या गाडीनं परत गेला. तिच्या हातात छोटी बॅग होती, चार-पाच दिवसांच्या कपड्यांची. तेवढेच कपडे तिनं परीक्षा संपेपर्यंत धुऊन धुऊन वापरले. नागपूरहून कुणी बोलावलं नाही. एकदा व्याह्यांचं पत्र आलं, त्यात खाली विहीणबाईंच्या अक्षरात एकच ओळ होती, की इकडे उन्हाळा फार आहे, सूनबाईला इतक्यात पाठवू नये.

दुसऱ्या पेपरच्या दिवशी मी तिच्याबरोबर कॉलेजपर्यंत गेले. हिरवा चुडा अजून हातात होता. लिहिताना बांगड्या बाकावर खडखडतात आणि बाकीच्या मुली बघतात, असं ती म्हणाली. काढायच्या नव्हत्या. फाटकाशी मी माझा रुमाल तिच्या लिहित्या हाताच्या बांगड्यांभोवती घट्ट गुंडाळला, गाठ आतल्या बाजूला घेतली. तिनं हात हलवून पाहिला. आवाज येत नव्हता. ती आत गेली.