तासभर आधीच्या चार कॅप्सूल

मी दातांची डॉक्टर आहे आणि माझा स्वभाव घाईचा आहे. या दोन गोष्टी एका माणसात असू नयेत, पण शिरूरमधला माझा दवाखाना त्या घाईवरच चालतो. बाजाराच्या दिवशी बाहेरच्या बाकड्यांवर बसायला जागा उरत नाही.

जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात उभा करायचा, याला आता सगळेच इम्प्लांट म्हणतात. पूर्वी त्यासाठी पुणं गाठावं लागायचं. आता केंदूर, इनामगाव, राहू अशा लांबलांबच्या गावांहून माणसं माझ्याकडं येतात. स्क्रूभोवती जंतूंनी ठाण मांडलं तर हाड त्याला धरत नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या तासभर आधी अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल एकदम द्यायच्या. यात चूक काही नाही. त्यापुढं पाच दिवस रोज तीनदा त्याच कॅप्सूल, ही मात्र माझ्या पदरची भर. बहुतेकांना त्यांची गरज नसते, हे मला माहीत होतं. पण पेशंट लांबचा, गाल सुजला तर त्याचा पुन्हा दिवस मोडणार आणि गावभर माझ्या नावानं शंख होणार. ते औषध त्याच्या जंतूंसाठी होतं की माझ्या भीतीसाठी, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

आणखी एक युक्ती मीच काढली होती. पेशंटला इथं आल्यावर कॅप्सूल दिल्या तर तो तासभर बाकडं अडवून बसणार. त्यापेक्षा आधीच्या भेटीतच सगळ्या स्ट्रिपा हातात द्यायच्या आणि सांगायचं, "घरून निघताना चार घ्या." माणूस शिरूरला पोचेपर्यंत औषध रक्तात पोचलेलं. या युक्तीचा मला चांगलाच अभिमान होता.

राहूचे एक आबा होते. साठी ओलांडलेले, बागायतदार, गावच्या सोसायटीवर बरीच वर्षं संचालक. वरचा समोरचा दात गेल्यापासून ते सभेत उठतच नव्हते. बोलायला लागले की फटीतून वारा सुटायचा आणि विरोधी पॅनेलची माणसं खाली माना घालून हसायची. "दात न्हाई म्हंजी तोंड न्हाई, मॅडम," ते म्हणाले. मला हा माणूस फार आवडला.

पहिल्या भेटीत मी त्यांचा फॉर्म भरत होते. बाहेर सात माणसं खोळंबलेली. विचारलं, "आबा, एखादं औषध सोसत नाही, असं काही?"

"न्हाई वो. सुई तेवढी सोसत न्हाई. गोळ्या किती बी द्या."

मी हसले. सुईला भिणारे मिशीवाले मी रोज बघते. "भुलीची बारीक सुई लागेल हां, मुंगी चावल्यासारखी," म्हणाले. दातापायी आबांनी नाइलाजानं तेवढी कबूल केली आणि मी रकान्यात 'नाही' लिहून मोकळी झाले. कसली सुई, तेव्हा झालं काय, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

ठरल्या सकाळी मी ट्रे मांडून बसले. साडेदहाची वेळ होती. अकरा वाजले तरी आबा नाहीत. माणूस वेळेचा पक्का, म्हणून मनात कुठंतरी चुटपुट लागली. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला.

"मॅडम, न्हावऱ्याजवळ हाय आम्ही. आबांच्या अंगावर गांधी उठल्यात, ओठ सुजल्यात, आन् आता बोलंना झाल्यात."

"समोर दिसेल त्या दवाखान्यात न्या. आत्ता. आणि फोन तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या." डॉक्टरांशी मी स्वतः बोलले. त्यांनी वेळेत इंजेक्शन दिलं. आबांना तेव्हा शुद्ध नव्हती.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. कॉटजवळ त्यांची बायको बसली होती. तिनं आपणहून सांगितलं, "लई वर्सांमागं उसाच्या पाचटात पायात खिळा घुसला व्हता यांच्या. तवा सुई दिली आन् असंच झालं व्हतं. तवापास्नं सुई बंद. पर ह्या तर गोळ्या व्हत्या की!"

पेनिसिलिन असणार ते. माझ्या कॅप्सूल त्याच घराण्यातल्या औषधाच्या. त्या माउलीनं आणि आबांनी इतकी वर्षं सगळा दोष सुईच्या माथी मारला होता, आणि मी त्यावर हसले होते.

आबा उशीवरून म्हणाले, "माझंच चुकलं. सकाळी च्या बी न घेता चार गोळ्या टाकल्या. उपाशीपोटी गरम पडलं. व्हय का न्हाई, मॅडम?"

दोघं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, "असू शकतं, आबा."

एवढंच म्हणाले. धड खोटं नाही, अशी मी माझी समजूत घालत घरी आले. आबांच्या फाईलवर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं, अमॉक्सिसिलिन कधीही नाही. पुढच्या वेळी काही न सांगता दुसरं औषध इथंच, माझ्यासमोर द्यायचं, असं ठरवलं. फाईल माझ्या कपाटात राहिली आणि आबा राहूला. न्हावऱ्याच्या डॉक्टरांनी घरी सोडतानाच्या कार्डावर औषधाचं नाव लिहिलं होतं, पण इंग्रजीत. 'रिॲक्शन' हा शब्द घरात सगळ्यांनी ऐकला होता, पण आपल्याकडं पुरणपोळी जास्त झाली तरी रिॲक्शनच येते. उरलेल्या कॅप्सूलचं काय केलं, हे मी विचारलं नाही. कॅप्सूलचा विषयच मला नको होता.

पुढं दीड महिना राहूचे पेशंट येत राहिले. "आबांना तुम्ही फोनवरनं वाचवलं," म्हणायचे. मी मान डोलवायची. लाज वाटायची, पण मान डोलायची थांबत नव्हती.

मग आबांची नवी तारीख ठरली. भूल हिरडीपुरतीच असते, पण उपाशी माणसाला तिनं चक्कर येते, म्हणून मी रिसेप्शनच्या मुलीला म्हटलं, जेवून यायला सांग. तिनं तसं सांगितलं. औषध इथंच देऊ, घरून काही घेऊ नका, हे मी कळवलं नाही. कळवलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

आबा आले ते खुशीतच. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "या वक्ताला चूक न्हाई केली. हाटेलात दोन भाकरी खाल्ल्या आन् भरल्या पोटावर चार गोळ्या घेतल्या. मागच्या उरल्या व्हत्या, जपून ठेवल्या व्हत्या. चांगलं औषध कुठं टाकायचं?"

"किती वेळ झाला, आबा?"

"आत्ताच की. धा-पंधरा मिन्टं." बोलताना ते तळहात खाजवत होते.

खुर्ची आडवी केली, पाय उंच केले, रिसेप्शनच्या मुलीला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. ड्रॉवरमधून अशा रिॲक्शनवर देतात त्या ॲड्रेनॅलिनची ॲम्प्यूल काढून सिरिंज भरली. आबांनी सुई बघितली आणि पाय आखडून घेतला. "सुई नगं, मॅडम! सुई नगं!" आवाज आधीच घोगरा झाला होता. दोन्ही हातांनी त्यांनी माझं मनगट धरलं. शेतकऱ्याची पकड ती, मला सुटेना.

"आबा, सुईनं काही होत नाही. खिळा घुसला तेव्हाही सुईनं झालं नव्हतं, तिच्यातल्या औषधानं झालं. तसलंच औषध मी तुम्हाला दिलं. उपाशीपोटाचं काही खरं नव्हतं. मला माहीत होतं."

पकड सैल झाली. मी पायजम्यावरूनच मांडीत सुई घातली. दुसरी ॲम्ब्युलन्समध्ये दिली. आबा वाचले.

तिसऱ्या दिवशी आबांना ठेवलं होतं त्या दवाखान्यात गेले. या खेपेला त्यांच्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी काही बोलायच्या आत आबाच म्हणाले, "मागल्या टायमाला मी इचारलं व्हतं तुमाला."

"हो, आबा."

"तोंडाकडं बघून इचारलं व्हतं."

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी स्टुलावर तशीच बसून राहिले. जा असं कुणी म्हणालं नाही, आणि बसा असंही नाही.