लाल फडक्यातली सुरंगी

बुचमामीने बंद केलेली बाटली उलटी केली तरी थेंब गळत नसे. बूच ठोकायचं, वर मेण ओतायचं, मेणावर केळीच्या खोडाचं सोप गुंडाळायचं आणि बाटली उलटी करून पांढऱ्या पंच्यावर ठेवायची. सकाळी पंच्यावर डाग नसेल तरच ती परदेशी जाणार. पेडण्यातल्या आमच्या वाड्यावरून आखातात गेलेल्या मुलांची लोणची, तेलं, कोकमाचं आगळ, सगळं तिच्याच हातून जाई. तिचं खरं नाव कोणी घेत नसे.

दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घ्यायची तिला सवय होती. "सर गो बाय, तुजे हात कागदाचे," म्हणत मला बाजूला सारायची. मी तिची शेजारीण. पार्सलाचे कागद माझ्याकडे, बांधणं तिच्याकडे, अशी आमची वाटणी.

मग पोस्टातले नियम कडक झाले. अत्तर नाही, स्पिरिट असलेलं काही नाही, तेलालाही नकार. काय जातं आणि काय जात नाही याची यादी मी मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली. ती वाचून हसली.

"अत्तर पेटता म्हणे! मगे देवळात लायतत तां कितां?"

"विमानात खाली सामान आणि वर माणसं असतात, मामी."

मोपाच्या विमानतळावरचं विमान डोक्यावरून गेलं की ती हातातला डाव तसाच धरून अंगणात यायची आणि विचारायची, "ह्यां भायर चललां काय घराक येता?" तिचा संतोष आखातातल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. एकुलता एक. नवरा खाणीवरच्या ट्रकवर होता, तो कधीच गेला. त्यामुळे माणसांचं नाव काढल्यावर तिने यादी मानली. काजूगर, पोहे, सुकी सोलं एवढंच जाऊ लागलं.

सुरंगी फुलायच्या दिवसांत संतोषचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "आई, सुरंगी कशी वासता तां माका आठवनाच." दुसऱ्या दिवशी पहाटे मामी परसातल्या सुरंगीखाली फुलं वेचत होती. डिचोलीच्या भावाकडून फेणी आली, फुलं तिच्यात बुडली. वास आमच्या पडवीपर्यंत आला तेव्हा मी उठून गेले.

"मामी, हे अत्तर आहे, आणि वर दारू. तिकडे दारूला तुरुंग आहे."

"दारू खंय गो? फेणी ती. पोर न्हान आसताना सर्दी जाली की हीच छातीक चोळतालंय."

ती थट्टा करत नव्हती. आमच्या घरांत फेणीची बाटली औषधांच्या कपाटात असते. मी म्हटलं, "याचे कागद मी भरणार नाही." ती म्हणाली, "नको भरू."

दोनेक दिवसांनी ती स्वतःच पार्सल टाकल्याचं सांगायला आली. चेहरा फुललेला. अत्तराची कुपी तिने कापसात गुंडाळली होती, कापूस स्टीलच्या डब्यात, वर ग्रामदेवतेच्या प्रसादाची फुलं आणि सगळं लाल फडक्यात. पोस्टातल्या माणसाने कागद भरताना आत काय म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, देवाचो प्रसाद. त्याने हात कपाळाला लावला.

"गाठ सोडूंक ना ताणें. देवाच्या फडक्याक कोण हात लायतलो?"

"इथे कोणी लावणार नाही," मी म्हटलं.

एवढं ऐकून ती उठली आणि चहा न घेताच गेली. मी तसंच पोस्ट गाठलं. टपालाची पिशवी निघून गेली होती.

पुढचे दिवस ती नेहमीपेक्षा जास्त बोलायची. मग एका संध्याकाळी मी तिच्याकडे असताना संतोषचा फोन आला. आवाज दबलेला, मागे कोणीतरी परक्या भाषेत बोलत होतं.

"आई, पार्सलात कितां घातलंस? माका खाली बोलावलां."

मामी म्हणाली, "गळलां काय रे?"

"नाय गो. थेंबय गळूंक ना."

फोन बंद झाला.

तिथे असलेल्या तिच्या भाच्याने नंतर कळवलं. संतोषला पोलिसांनी धरलं आहे. पार्सलावर नाव त्याचं, म्हणजे त्यानेच मागवलं, असं ते म्हणतात. वाड्यावरचे लोक बाटल्या घेऊन यायचे आणि मामीचं दार लावलेलं बघून परत जायचे.

एक दिवस ती माझ्याकडे आली आणि पासपोर्टला काय काय लागतं ते विचारलं. व्हिसाची सोय भाच्याने केली. कागद मी लावून दिले. तिला फक्त एकच गोष्ट पाठ करायची होती.

"थंय कोणाक सांगूचां, तां लिवून दी. फुलां माजी, फेणी माजी, हात माजे."

"मामी, तुलाही धरतील."

"धरूं देत. ताका सोडलो म्हणजे जालां."

मोपाला मीच तिला पोचवलं. गाडीतून उतरताना तिने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "ही नको," म्हणाली. खांद्याला पिशवी, हातात माझा कागद. काचेच्या दारातून आत गेली, मागे वळून पाहिलं नाही.

ती तिथे पोचली, एवढं भाच्याने कळवलं. त्यानंतर तोही फोन उचलत नाही. संतोषचा आवाज तर आम्ही त्या संध्याकाळनंतर ऐकलाच नव्हता. आता मामीचाही नाही.