साहेबमामा आणि मापाचा दांडा

साहेबमामा नव्या माणसाला भेटले की आधी त्याच्या मनगटाकडे बघायचे. समोरच्याला वाटायचं, हे घड्याळ बघतायत, म्हणजे आपण आता उठावं. तो चपला शोधायला लागला की मामा म्हणायचे, "बसा हो, घाई न्हाई. तुमाला रेग्युलर चालंल." काय चालेल ते त्या बिचाऱ्याला कळत नसे. आम्हा घरच्यांना कळायचं. मामांनी मनातल्या मनात त्याच्या हाती गोल्फचा ड्रायव्हर देऊन पाहिलेला असायचा आणि त्याला कोणता दांडा लागेल हे ठरवूनही टाकलेलं असायचं.

ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सगळ्यात लांब, मोठ्या डोक्याची काठी. पहिला फटका तिनं मारतात. हे सांगावं लागतं, कारण आमच्या बीड जिल्ह्यात गोल्फचं मैदान असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ऊस आहे, कापूस आहे, पुढारी तर मोजता येणार नाहीत इतके आहेत. अशा जिल्ह्यात, नेकनूरजवळच्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून साहेबमामा दरवर्षी नव्या निघालेल्या ड्रायव्हरांचे भाव फोनवर वाचायचे आणि चहा घेऊन आलेल्या मामींना सांगायचे, "औंदा साठ हजाराच्या वर गेला." मामी विचारायच्या, "सोनं?"

मामा आमच्या घराण्यातले पहिले साहेब, म्हणून साहेबमामा. एका सरकारी कंपनीत इंजिनिअर होते आणि कंपनीच्या वसाहतीत नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान होतं. मामांना खेळ बघता बघता आवडला. वरच्या साहेबांनी मोठ्या मनानं आपला जुना ड्रायव्हर देऊ केला. मामांनी तो हात जोडून परत केला आणि नवा घेण्याइतके पैसे जमेपर्यंत मैदानाच्या कडेला नुसते उभे राहिले. वसाहतीत बोलबाला झाला की हा माणूस लई मानी आहे. मामांना विचारलं तर म्हणायचे, "मान कसला? त्यांची उंची केवढी, माजी केवढी. वाकून वाकून कंबरडं गेलं असतं."

पुढे पुण्याच्या दुकानात जे झालं ते मात्र ते आयुष्यभर सांगत राहिले. आम्हाला ते पाठ होतं. दुकानातल्या माणसानं मामांना यंत्रासमोर उभं करून चेंडू मारायला लावले, काठी किती वेगानं फिरते ते पाहिलं, मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरला, पंजा मोजला. मग विचारलं, दांडा कसा देऊ? कडक, मध्यम, नरम? वजनाला हलका की भारी? मूठ जाड की बारीक? एवढं सांगून मामा थांबायचे, आणि थांबून म्हणायचे, "माय, तवर मला कुणी इचारलंच न्हवतं, तुला कसं पायजे म्हणून." ते मला 'माय' म्हणायचे. मी त्यांच्या बहिणीची मुलगी, बीडला ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि रविवारी एसटीनं त्यांच्याकडे जायचे.

दांड्याचं शास्त्र मला त्यांनीच समजावलं. ज्याचा हात जोरकस त्याला कडक दांडा, म्हणजे स्टिफ. मध्यम हाताला रेग्युलर. म्हाताऱ्यांना सीनियर, तो जरा नरम. सगळ्यात नरम आणि हलका तो लेडीज. हात मंद असला की दांडा लवतो आणि उरलेलं काम स्वतः करतो. पैलवानी हाताचा एक्स्ट्रा स्टिफ वेगळाच. एवढ्या पाच खणांत मामांनी सारं जग बसवून टाकलं होतं. मामी एक्स्ट्रा स्टिफ. मतं मागायला आलेला एक उमेदवार हात जोडून गेल्यावर मामा म्हणाले, "ह्यो कडक न्हाई, नुसता भारी हाय." माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाचं मनगट बघून त्यांनी निकाल दिला, "पोरगं स्टिफ दाखवतंय, पण हाय रेग्युलर. कर." मी केलं. निदान बरोबर निघालं.

सोयाबीन निघाली की मोकळ्या रानात मामांचा खेळ सुरू व्हायचा. खड्डा नाही, झेंडा नाही. नुसतं मारायचं आणि चालत जाऊन चेंडू आणायचा. बांधाला बांध लागून पाटलांचं रान. एकदा चेंडू त्यांच्या कापसात गेला, तो घेऊन पाटील स्वतः आले. त्यांनी ड्रायव्हर हातात घेतला, किंमत विचारली, आणि ऐकून घेतल्यावर तो दोन्ही हातांनी जपून धरला.

"साहेब, एवढ्यात दुभती गाय येती की."

"येती. पन गायीला माजं माप लागत न्हाई."

पाटलांनी दांडा हळूच वाकवून पाहिला. "आन् एवढं देऊन ह्यो वाकतो कावून?"

मामांनी त्यांना उभ्याउभ्या सगळं शास्त्र सांगितलं. पाटलांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी आसुडावानी." मामा इतके खूश झाले की त्यांनी पाटलांना दोनदा चहा पाजला. पुढच्या आठवड्यात पाटील आपलं फावडं घेऊन हजर. ह्याला दांडा किती लांब बसवू, म्हणाले. मामांनी त्यांना सरळ उभं केलं आणि टेप काढला. तेव्हापासून आसपासची कुऱ्हाड, फावडं, शाळेतल्या पोरांच्या बॅटी, म्हाताऱ्यांच्या काठ्या, सगळं मामांच्या ओट्यावरून माप घेऊन जाऊ लागलं. मामी म्हणायच्या, "शिकले इंजिनिअर, खेळले गोल्फ, आन् नाव निघालं फावड्यात."

मामा हे सगळं का करतात ते एकदाच त्यांच्या तोंडून निघालं, तेही हसवण्यासाठी. पाटील बसले होते, मी बसले होते. शाळेचा विषय निघाला. मामा म्हणाले, "आमाला चड्डी यायची ती कुणाची तरी उतरलेली. एवढी ढगळ, की मी वळलो तरी चड्डी सरळच चालायची." आम्ही हसलो. पाटील सगळ्यात मोठ्यानं हसले आणि मध्येच थांबले. माझी आजी, म्हणजे मामांची आई, त्यांच्याच वाड्यावर कामाला होती आणि पाटील मामांपेक्षा दोन इयत्ता पुढे होते. ते खाली बघत म्हणाले, "आमचीच आसंल ती." मामा म्हणाले, "आसंल. कापड चांगलं होतं. माप न्हवतं." आणि पाटलांपुढे पानाचा डबा सरकवला. त्यानंतर पाटलांनी मामांच्या घरी कधी जुनी वस्तू पाठवली नाही. वाणोळा म्हणून हुरडा पाठवला, ज्वारी पाठवली, पण तीही नव्या पिशवीतून.

एवढं सगळ्यांना कळलं, फक्त मामांच्या मुलाला कळलं नाही. तो पुण्याला नोकरीत, स्वभावानं सरळ आणि बापावर जीव टाकणारा. त्यानं वडिलांच्या वाढदिवसाला कुणाकडून तरी एकदा-दोनदाच वापरलेला ड्रायव्हर निम्म्या किमतीत मिळवला. नवाकोरा वाटत होता. मामांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, ड्रायव्हरची तोंडभर स्तुती केली आणि तो दाराआड उभा करून ठेवला. पुढे मामी त्या ड्रायव्हरनं शेवग्याच्या शेंगा पाडायच्या. शेंगा पाडायला स्टिफ दांडा उत्तम, असं मामांचं मत पडलं.

मग मामांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय वाचला, उजवा हात मात्र कमजोर राहिला. डॉक्टर म्हणाले, हलका व्यायाम करा, हात हलता ठेवा. मामांनी आपला ड्रायव्हर घेऊन रानात जाऊन पाहिलं. जुन्या ताकदीचा तो दांडा आता लवेना आणि चेंडू पायापासून जेमतेम ढेकळांपर्यंत जाई. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की नवा घ्यायचा, आत्ताच्या मापाचा. त्यांना तेवढी एक वस्तू हवी होती, आणि घरातल्या कुणालाही ती त्यांना द्यायची नव्हती. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, या वयात आता साठ हजारांची काठी? दाराआड एक आहे ना." मामी म्हणाल्या, त्या पैशात घरात कमोड बसवू. दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत होती. मामा भांडले नाहीत. ते ओट्यावर बसून राहिले आणि लोकांच्या मनगटाकडे बघायचं त्यांनी सोडून दिलं. ते मला सहन झालं नाही. कॉलेजला सुट्टी टाकून, गाडी ठरवून मी त्यांना पुण्याला घेऊन गेले. पैसे त्यांच्या पेन्शनचे. मामी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुकानातला पोरगा अदबशीर होता. मामांनी तीन चेंडू मारले आणि टेकून उभे राहिले. पडद्यावर आकडे आले. पोरगा आकड्यांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "सर, आपण सीनियर बघू या का?"

मामांनीही आकडे वाचले होते. म्हणाले, "लेडीज म्हणा. माप हाय, शिवी न्हाई."

पोरगा ओशाळला. मामाच त्याला धीर द्यायला लागले, नव्या दांड्यांचे भाव विचारायला लागले, कुठल्या दांड्याचे वरचे पैसे पडतात, कुठला तसाच मिळतो. मग एकदम माझ्याकडे वळले. "आता आलीच हाइस तर मार दोन." मी साडीत होते. पदर खोचला आणि मारला. पहिल्या खेपेला चेंडू जागचा हलला नाही, दुसऱ्या खेपेला तो दुकानाच्या छताला लागला. मामा खूप दिवसांनी हसले. पोरानं गमतीत माझ्याही मनगटापासून टेप धरला, पंजाही मोजला. मग मी गाडीवाल्याला बोलवायला खाली गेले आणि मामा काउंटरवर ऑर्डर लिहून देत बसले.

खोकं नेकनूरला यायला वेळ लागला. तोवर मामांना दुसरा झटका येऊन गेला होता. आता ते पलंगावर होते आणि उजवा हात चादरीवर जिथे ठेवला तिथेच राहायचा. मुलगा पुण्याहून आला होता. त्यानंच खोकं फोडलं. मामा मला म्हणाले, "घे हातात. प्लास्टिक काढ." मी काढलं. मूठ माझ्या पंजात नेमकी बसली. मी खाली टेकवून पाहिलं, कुठे वाकावं लागलं नाही. मामा माझ्याहून वीतभर उंच.

"मामा, त्यांनी चूक केली. हे तुमचं माप न्हाई."

"चूक न्हाई. तुजं हाय."

मुलानं खोक्यावर लिहिलेलं माप पुन्हा वाचून पाहिलं.

"माजा हात गेला, हे मला तिथंच कळलं. मशीन खोटं बोलत न्हाई," मामा सावकाश म्हणाले. बोलताना आता त्यांना दम लागायचा. "मग इचार केला, तुला इचारावं. पन तू न्हाई म्हणली असतीस."

"मला खेळता कुठं येतं? आन् द्यायचाच होता तर तुमचा जुना होता की."

मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू एवढ्या वर्षांत मी काहीच शिकले नाही. "उतरलेलं कावून?" ते म्हणाले.

ते थंडीत गेले. बौद्ध पद्धतीच्या जलदान विधीला आणि पुण्यानुमोदनाला आलेली माणसं घरात मावली नाहीत. कितीतरी म्हातारे त्यांनी मापून दिलेल्या काठ्या टेकत आले होते. पाटील पूर्ण वेळ मागच्या रांगेत सतरंजीवर बसून होते.

मी आता रविवारी मामींकडे जाते तेव्हा ड्रायव्हर घेऊन रानात जाते. बरेच रविवार तो चेंडूला लागतच नव्हता. नांगरलेल्या रानात साडी खोचून एक मास्तरीणबाई हवेला मारतेय, हे दृश्य नेकनूरनं मोठ्या संयमानं पाहिलं. गेल्या रविवारी मात्र दांडा लवला, मला मुठीत कळलंही नाही, आणि चेंडू पाटलांचा बांध ओलांडून पार कापसात उतरला. पाटील बांधावर उभे होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरून चेंडू पडेपर्यंत पाहिला.

"ताई, साहेबांच्या पल्याड गेला की ओ."

"जाणारच," मी म्हणाले. "दांडा माझ्या मापाचा हाय." तेवढं नीट बोलले, आणि मग मामा गेल्यापासून जे रडू आलं नव्हतं ते तिथं पाटलांच्या देखत आलं. पाटील चेंडू शोधायला कापसात शिरले आणि मी डोळे पुसेपर्यंत तिथंच शोधत राहिले.