मी शत्रूची हेर होते तेव्हा

माझ्या हातचा पांढरा रस्सा पिऊन कोल्हापूर शत्रूच्या ताब्यात गेलं, ही बातमी मला दुधाच्या कट्ट्यावर कळली. संध्याकाळी आमच्या पेठेच्या कोपऱ्यावर म्हशी उभ्या राहतात, गवळी तिथंच धार काढतो आणि लोक फेसाळ पेले तोंडाला लावून उभ्याउभ्या जगाचा निकाल लावतात. त्याच कट्ट्यावर आमचे सर रोज आपल्या कादंबरीचं एक प्रकरण वाचायचे.

सर म्हणजे इतिहासाचे निवृत्त शिक्षक आणि माझे घरमालक. कादंबरी दुसऱ्या महायुद्धाची, पण झालं त्याची नव्हे, न झालेल्याची. शत्रूची जहाजं रत्नागिरीला लागतात, फौज आंबा घाट चढून मलकापुरात तळ ठोकते आणि कोल्हापूर एकटं तिला अडवतं. दिल्ली, मुंबई, लंडन आधीच शरण गेलेली. याचं कट्ट्यावर कुणालाच नवल वाटलं नव्हतं. शंका यायच्या त्या वेगळ्याच. "सर, घाटात धुकं असतंय. रणगाड्याला दिसायचं कसं?" असं गवळ्यानं विचारलं, तर दुसऱ्या दिवशी सरांनी रणगाड्यांपुढं कंदील घेतलेली माणसं चालवली. मलकापूरकरांनी शत्रूच्या सेनापतीला "पावणं, जेवूनच जावा की" म्हणत अडकवून ठेवलं, त्या प्रकरणाला तर टाळ्या पडल्या.

मी गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या फाउंड्रीतल्या कामापायी महाराष्ट्राच्या या टोकाला आले. तो वारला तेव्हा परत जावं असं तिकडं कुणी उरलं नव्हतं. सरांनी मागची खोली दिली. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, शेजारी उभं करून तांबडा-पांढरा रस्सा शिकवला, आणि त्याच रश्श्यावर मी डबे सुरू केले. एकटी राहणारी पोरं, बँकेतले साहेब, तालमीतले पैलवान असे लोक डबा घ्यायचे, त्यावर माझं चालायचं. या घराचे उपकार एवढे की सरांसमोर खुर्चीत बसायला मला अजून धीर होत नाही.

तर त्या संध्याकाळी सरांनी वाचलं की शत्रूनं पूर्वेकडून एक बाई पाठवली आहे. ती पेठेत डबे देते. बोलताना शेवटी "जी" म्हणते. एका रविवारी तिनं पांढऱ्या रश्श्यात विष कालवलं, तालमीचे वस्ताद वाटीभर पिऊन आडवे झाले. वस्ताद पडले म्हणून पेठ पडली आणि पेठ पडली म्हणून कोल्हापूर.

अख्ख्या पेठेत "जी" म्हणणारी मी एकटी. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या पेल्यात दूध ओतता ओतता गवळी थांबला. "बघा की, आमी हिला रोज दूध घालतोय," तो म्हणाला. लोक हसले. मीही हसले.

सकाळी मोबाइलवर निरोप यायला लागले. एकाला उपास होता. एक गावाला गेला होता. तो गावाला गेलेला मला दुपारी मिसळीच्या दुकानात दिसला, त्यानं पेपर तोंडापुढं धरला. ज्यांनी डबा चालू ठेवला ते झाकण उघडून आधी वास घ्यायचे. बँकेतल्या एका साहेबांनी सरळ विचारलं, "ताई, सर म्हणतात तसं काही नाही ना?"

"साहेब, इथं युद्धच झालं नाही जी."

"तेही आहेच म्हणा," ते म्हणाले आणि डबा तसाच परत दिला.

आठवड्यात निम्मे डबे गेले. असंच चाललं तर ही खोली, ही पेठ सोडून कुठं जायचं, या धास्तीनं मी शेवटी सरांकडं गेले. "सर, त्या बाईला दुसरं काही काम द्या जी. शिवणकाम द्या."

सरांनी चष्मा काढला. "अगं, इतिहास असा मनाला येईल तसा बदलता येत नाही."

लंडनला शरण जायला लावणाऱ्या माणसाला एक डबेवाली बदलता येत नव्हती. काकू आतून म्हणाल्या, "मग मला घाला तिच्या जागी. मी कालवते विष."

"तू पेठेतली. पेठेतलं माणूस फितूर झालं, हे वाचकांना पटणार नाही."

मी मान हलवली, कारण सरांसमोर मी नेहमी मान हलवते.

वस्ताद राधानगरीला भाचीच्या लग्नाला गेले होते, त्यामुळं स्वतःच्या मरणाची खबर त्यांना उशिरा लागली. रविवारी संध्याकाळी ते थेट कट्ट्यावर आले.

"सर, मी मेलोय म्हनं?"

"कादंबरीत."

"कशानं?"

"रश्श्यानं. वाटीभर."

"गोळी घालायची की ओ. तोफ लावायची. वाटीभर रश्श्यानं मी मरतोय व्हय? पलीकडच्या तालमीची पोरं मला बघून वाटी दाखवाय लागल्यात." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आन तुझा रस्सा."

डबे न गेल्यानं पातेलं भरलेलंच होतं. ते आणताना वाटेत दोनदा झाकण उघडून मीच वास घेतला. विष नव्हतं, पण खोबऱ्याचं दूध बिघडलं असलं तर? वस्तादांचं नुसतं पोट दुखलं असतं तरी माझं कोल्हापूर संपलं असतं.

कुस्ती लागावी तसे लोक गोल करून उभे राहिले. वस्तादांनी एक वाटी प्यायली, दुसरी प्यायली, मग वाटी बाजूला ठेवून पातेलंच तोंडाला लावलं. ते रिकामं झाल्यावरही कुणी हललं नाही.

"सर, विषाला किती वेळ लागतोय?" गवळ्यानं हळूच विचारलं.

सरांनी कागद चाळले. "प्रकरणात तर लगेच."

सगळे आणखी थोडं थांबले. वस्तादांनी मिशी पुसली. "मीठ कमी हाय," ते म्हणाले. "उद्यापास्नं तालमीत डबं वाढव."

सोमवारी बँकेतले साहेब स्वतः डबा घेऊन दारात आले. गावाला गेलेलाही परत आला.

पंचाईत झाली ती सरांची. वस्ताद जिवंत म्हटल्यावर पेठ पडेना. पेठ पडेना म्हणून शत्रूला आंबा घाट उतरून जहाजात बसावं लागलं आणि युद्ध फारच लवकर संपलं. सर दोन दिवस उदास होते. मग मला ओट्यावर बोलावून म्हणाले, "त्या बाईचं आता काय करू? हेर आपल्या गावी परत जाते, असा शेवट शोभेल. लांबचा प्रवास, मागं पडत जाणारं शहर..."

"नको जी. तिला इथंच राहू द्या."

"शत्रूची हेर? आपल्या पेठेत?"

"डबे कोण देणार, सर?"

सरांनी बराच विचार केला, लिहिलं आणि वाचून दाखवलं. पेठेनं त्या बाईला माफ केलं नाही, पण डबा चालू ठेवला. मी म्हटलं, चालेल जी, आणि उभ्यानंच ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.