टर्मिनलमधली एक ओळ

वीज परत येऊन राउटरचे हिरवे दिवे एकेक करून लागायला लागले, की मला इंदिरानगरमधली ती भाड्याची खोली आठवते. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी आणि माझा रूममेट एकच भलीमोठी फाईल आपापल्या लॅपटॉपवर उतरवत होतो. शनिवार होता, म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली वीज कधीही जाणार. मी ब्राउझरमधल्या टक्क्यांवर डोळे लावून बसलेलो. त्यानं टर्मिनलच्या काळ्या चौकटीत एक कमांड टाइप केली आणि बूट घातले. तेवढ्यात वर्गातली मैत्रीण दारात आली. “चला रे, मिसळ खायला!” मी म्हणालो, “डाउनलोड तुटेल.” “तुटू दे की! माझं थांबलं तिथूनच आपोआप पुढं चालू होतं,” म्हणत तो तिला गाडीवर घेऊन गेला. ती मला आवडते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. वीज गेली, आली. माझी फाईल पुन्हा शून्यावर. त्याची मात्र निवांत पुढं सरकत होती. माझा नुसता जळफळाट झाला. दोघं परतले ते तर्रीचा वास घेऊन, कशावर तरी हसत, आणि कशावर ते मला कुणी सांगितलंच नाही. आता मीही तीच कमांड टाइप करतो. फाईल आपली आपण उतरत राहते. मी तरीही समोरच बसून असतो.