असईची हजेरी

सिंगापुरात राहून दर रविवारी असईच्या लढाईची हजेरी घेणारा माणूस पृथ्वीवर एकच असेल, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. हे विधान मी जबाबदारीनं करतो. माझा पेशा ऑडिटचा आहे.

साडू मूळचे जालन्याकडचे, असई त्यांच्या आजोळाजवळ. आठवडाभर बँकेतले कॉम्प्युटर सांभाळणारा हा शहाणा माणूस रविवारी बिशानच्या फ्लॅटमध्ये एका भल्यामोठ्या चित्रापुढे खुर्ची मांडून बसतो. चित्र इंग्रज चित्रकाराचं, जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेलं: असईला इंग्रजांनी मराठ्यांना हरवलं तो प्रसंग. अशा चित्रांबरोबर पूर्वी एक कागद मिळे. त्यावर माणसांच्या नुसत्या बाह्यरेषा, त्यांत आकडे आणि खाली नावं. या कागदावर आकडे अठरा आणि अठराही साहेब. उरलेली सगळी गर्दी बेनामी. साडूंनी ट्रेसिंग पेपरवर तसाच कागद तयार करून चित्राशेजारी भिंतीवर लावला आणि एकोणिसापासून पुढे स्वतःच नावं घातली. शिंद्यांच्या शिपायांना आणि कंपनीच्या शिपायांनाही, कारण त्यांच्या मते दोन्हीकडे मरणारे आपलेच. तेवीस नंबर रामजी, तोफेवर. एकतीस नंबर सखाराम, घरी दोन बैल. एकेचाळीस नंबर गणपत, लग्न ठरलंय म्हणून जरा मागे उभा. यादी त्रेसष्टपर्यंत गेली होती.

इंग्रजांच्या लढाईचित्रांविषयी साडूंचे काही सिद्धांत आहेत. आभाळ कितीही भरलेलं असो, ऊन सेनापतीच्या तोंडावरच पडतं. साहेब पडला तर मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून पडतो, आपला माणूस पालथा पडतो. आणि "जिथं पाय काढायला जमले नाहीत, तिथं धूर." इथल्या संग्रहालयात, महायुद्धात कैद झालेल्या इंग्रज सैनिकांनी लपूनछपून काढलेली पेन्सिलीची चित्रं आहेत. त्यांच्यापुढे मात्र साडू टोपी काढून उभे राहतात. "यांनी पाहून काढलंय," एवढंच म्हणतात. आपल्या असईवाल्यानंही पाहूनच काढलं असणार, असा त्यांचा पक्का समज होता. एकदा मी त्या चित्राखाली बसून चकली मोडली, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली ताटली काढून घेतली. "ऑडिटरसाहेब, वर माणसं मरताहेत." त्यांच्या मुलीनं फोनमधून मान वर न काढता मला अस्सल सिंगापुरी इंग्रजीत सांगितलं, "काका, जस्ट गो किचन, ला."

आता माझ्याविषयी. मी लिफ्टमध्ये शिरलो की आधी किती माणसांची परवानगी आहे ते वाचतो आणि मग माणसं मोजतो. आमच्या चोआ चू कांगहून साडूंचं बिशान बारावं स्टेशन आहे हे पाठ असूनही दर खेपेस बोटांवर मोजतो. असा माणूस ते चित्र सुखानं कसं राहू देईल? मी भिंग आणलं. त्रेसष्टपैकी अकरा जणांचं नाक एकच निघालं. मग तीन संध्याकाळी लायब्ररीत बसलो आणि पुढच्या रविवारी, ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आमटी वाढत असताना, माझा अहवाल सादर केला. चित्रकारानं हिंदुस्थानचं तोंडही पाहिलं नव्हतं. लंडनच्या स्टुडिओत मॉडेल उभे करून त्यानं चित्र काढलं होतं. "म्हणजे तुमचा रामजी, सखाराम, गणपत हा एकच माणूस. तोही असईला नव्हता."

साडू म्हणाले, "असं होय," आणि भात कालवू लागले.

परत जाताना मी बायकोला विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"तुमचं कधी चुकतं?" ती म्हणाली आणि बिशानपासून घरापर्यंतची बाराही स्टेशनं खिडकीबाहेर बघत बसली.

पुढच्या रविवारी गेलो तर ट्रेसिंग पेपर भिंतीवर नव्हता. चित्र होतं. त्याच्या खाली बसून साडू चकली खात होते. मलाही त्यांनी ताटली पुढे केली. इतकी वाईट लागलेली चकली मला आठवत नाही.

तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी मी पुन्हा भिंग घेऊन गेलो आणि आल्याआल्या चित्राला नाक लावलं. ऑडिटरला माफी मागता येत नाही. त्याला फक्त मोजता येतं. तासाभरानं म्हणालो, "तुमचा एक माणूस मोजायचा राहिलाय. चौसष्टावा."

"मॉडेल असेल," साडू पेपरातून म्हणाले.

"असेल. पण याला तोंडच नाही. नुसता पाय आहे."

साडू उठले. उजवीकडच्या धुराच्या लोटातून एक पाऊल बाहेर आलं होतं, नखाएवढं. त्यांनी भिंग घेऊन ते बराच वेळ पाहिलं. "बूट नाही," ते म्हणाले. "अनवाणी आहे. म्हणजे साहेब नव्हे." मग कपाटातून गुंडाळी काढून त्यांनी ती टेबलावर पसरली, पेन्सिल उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. "सापडला तुम्हाला. नाव तुम्ही सांगा."

मी आयुष्यात पुराव्याशिवाय कुठं काही लिहून दिलेलं नाही. पण माझ्या तोंडून निघालं, "विठू." विठू म्हणजे माझे आजोबा. कोकणातले. जन्मात कधी घाट चढले नाहीत, आणि असईची लढाई झाली तेव्हा त्यांच्या आजोबांचाही पत्ता नसेल. जन्मभर अनवाणी चालले. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

"विठू," साडूंनी लिहिलं. "काम?"

"पाणी भरायचे."

ट्रेसिंग पेपर परत भिंतीवर लागला. चौसष्टावी नोंद खोटी आहे हे या घरात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी दर रविवारी आत शिरल्यावर माझी नजर आधी त्या धुराकडे जाते, आणि ताईंनी चकलीची ताटली हातात दिली की मी मुकाट्यानं ती घेऊन स्वयंपाकघरात जातो.