ऋण पाच अधिक ऋण तीन

मी मराठीचा मास्तर, मुरुडच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत. गेल्या वर्षी गणिताचे सर प्रशिक्षणाला नांदेडला गेले आणि त्यांचा सहावीचा तास माझ्या गळ्यात पडला. मुख्याध्यापक म्हणाले, "जरा पुस्तक बघून जा." सहावीच्या गणिताला कसलं आलंय पुस्तक, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. जीभ माझी पहिल्यापासूनच सैल.

पूर्णांक संख्यांची बेरीज होती. फळ्यावर लिहिलं, ऋण पाच अधिक ऋण तीन. तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. तिचे वडील गावोगाव विहिरी खणायची कामं घेतात. ती म्हणाली, "ऋण आठ."

"मायनस मायनस काय होतं? प्लस! धन आठ. बस खाली."

ती बसली नाही. विहिरीची खोली आमच्याकडं अजून परसात सांगतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. ती तेच हिशोबाला घेऊन बोलली. "सर, पाच परस खाली खंदलं, आन् आजून तीन परस खंदलं, तर माणूस आठ परस खालीच जातंय की. वर कसं यील?"

"ही शाळा हाय, तुझ्या बापाची विहीर न्हाई," मी म्हणालो. वर्ग खदखदून हसला, आणि मला ते आवडलं. वर तिच्याकडून 'मायनस मायनस प्लस' दहा वेळा मोठ्यानं म्हणवून घेतलं.

मधल्या सुट्टीत सहज पुस्तक चाळलं आणि हातातला चहा तसाच राहिला. माझा नियम गुणाकाराचा होता. बेरजेत ऋणात ऋण मिळवलं की उत्तर ऋणच येतं. वर्गात जाऊन तेवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण ज्या पोरीवर पोरांना हसवलं, तिच्याच समोर 'माझं चुकलं' म्हणायचं? उद्या बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझा तास सुरू व्हायच्या आतच शाळा तपासणारे साहेब वर्गात येऊन बसले. "ऋण चार अधिक ऋण दोन?" त्यांनी विचारलं आणि नेमकं तिलाच उठवलं.

ती बोटं खाली खाली मोजत गेली; उत्तर तिला आलं होतं, मला स्पष्ट दिसलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "धन सहा."

"चूक. कुणी शिकवलं असलं?"

ती आता माझ्याकडं बोट दाखवणार, असं मला वाटलं. तिनं दाखवलं नाही. मान खाली घालून उभी राहिली. अजूनही वेळ गेली नव्हती, मी बोलायला हवं होतं. आणि मी बोललो. आज लिहितानाही लाज वाटते. मी म्हणालो, "हिचं गणित पहिल्यापासून कच्चंच आहे, साहेब."

तिनं होकारार्थी मान हलवली. तिला ते खरं वाटलं होतं.